शिळ्या ब्रेडला ऊत

आमच्या घरात ब्रेडच्या पुड्यातली दोन्ही टोकं कुणीच खात नाही. नवा पुडा फोडला की पहिलं टोक सगळे अदबीनं बाजूला सारतात, मागचे मऊ स्लाइस काढून घेतात आणि टोक पुन्हा झाकणासारखं लावून ठेवतात. शेवटी पुड्यात ती दोनच उरतात, जुन्या नवरा-बायकोसारखी एकमेकांना टेकून, न बोलता. मग कुणीतरी ती उचलून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतं. फेकायला मन धजत नाही आणि खायला जीभ धजत नाही. या दोन्हींच्या मधे जी जागा उरते, तिलाच आमच्याकडे खालचा कप्पा म्हणतात.

त्या रविवारी फ्रीज पुसताना तिथून आठ टोकं निघाली.

"टाकून द्या ती," बायको म्हणाली.

टाकून द्या म्हटलं की माझ्यातला काटकसरी पुरुष जागा होतो. एरवी तो झोपलेलाच असतो, विशेषतः पुस्तकांच्या दुकानात. "टाकायची कशाला?" मी म्हणालो. "ब्रेड पुडिंग करतो. वरून कॅरमेल सॉस. शिळ्या ब्रेडसाठीच तर तो पदार्थ जन्माला आला."

"करतो म्हणजे कोण करतो?" तिनं विचारलं. व्याकरणाच्या दृष्टीनं प्रश्न अनावश्यक होता.

पाककृतीत २५० ग्रॅम ब्रेड लिहिला होता. आठ टोकं वजनकाट्यावर ठेवली, तर काटा १६० वर येऊन थांबला. कोपऱ्यातला चुरा झटकून घातला तरी ढिम्म. आता शिळा ब्रेड संपवायचा तर ताजा ब्रेड आणणं आलं. आणला. तो इतका ताजा होता की बोट लावलं तरी दबायचा, आणि पुडिंगला असला ब्रेड चालत नाही, त्याचा लगदा होतो. म्हणून ताज्या ब्रेडचे तुकडे करून ते ओव्हनमध्ये १५० अंशांवर दहा-बारा मिनिटं वाळवले. एवढा खटाटोप ब्रेड ताजा करण्यासाठी केला असता तर लोकांनी कौतुक तरी केलं असतं. शिवाय नव्या पुड्याचीही दोन टोकं होतीच. ती मी वापरायला विसरलो आणि सवयीनं खालच्या कप्प्यात ठेवून दिली.

ब्रेड शिळा होण्याबद्दल मुलीनं तेवढ्यात माझं ज्ञान वाढवलं. मी समजत होतो की ब्रेड नुसता वाळतो. तसं नसतं म्हणे. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन सैलावतो, आणि गार झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा शिस्तीत रांगा लावून उभे राहू लागतात. ही कवायत फ्रीजच्या थंडीत बाहेरच्यापेक्षा जास्त जोरात चालते. "म्हणजे बाबा, ब्रेड टिकावा म्हणून तू तो फ्रीजमध्ये ठेवतोस आणि तिथेच तो लवकर शिळा होतो." मी म्हणालो, म्हणूनच ठेवतो. प्रसंगावधान म्हणतात ते हेच.

मग दूध अर्धा लिटर, अंडी तीन, साखर १०० ग्रॅम, लोणी, बेदाणे, किसलेलं जायफळ. ओट्यावर हे सगळं मांडल्यावर त्या आठ टोकांकडे पाहिलं, तर ती अगदी अवघडून बसली होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी म्हण आहे, पण तिच्यातल्या कोंबडीला कुणी फेकून देत तरी नव्हतं.

दूध कोमट पुरतं, हे मला नंतर कळलं. मी ते उकळलं. उकळतं दूध घेऊन मी फेटलेल्या अंड्यांवर असं ओतलं, जसं काही आग विझवायची आहे. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० अंश ओलांडले की घट्ट व्हायला लागतो, पिवळा त्याच्या थोडा मागून. त्या दोघांना उकळत्या दुधात घातलं तर ते काय विचार करत बसतील? क्षणात भांड्यात दूध वेगळं आणि पिवळ्या गुठळ्या वेगळ्या. मुलीनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आज नाश्त्याला काय, ते कळलं." दूध चमचा चमचा घालत, फेटत फेटत अंड्यांना ऊब द्यायची असते, नव्या माणसाला घरात रुळवतात तसं. मी गाळणी काढली, गुठळ्या गाळल्या, गेलेल्या अंड्याच्या जागी नवं अंडं फोडलं आणि या गोष्टीची कुठेही वाच्यता करायची नाही असं मुलीकडून वचन घेतलं. तिनं ते आईला सांगेपर्यंत पाळलं.

ब्रेडवर दूध ओतलं तर ब्रेड तरंगायला लागला. एक तुकडा दाबला की दुसरा वर. पालथ्या बशीनं दाबून धरले तर बेदाणे बाजूनं पोहत बाहेर आले. अर्धा तास असं भिजू द्यायचं होतं. तो अर्धा तास मी बशीवर हात ठेवून उभा होतो. नंतर कळलं की बशीवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी चाललं असतं.

पुढचं प्रकरण पाण्याचं. पुडिंगचं भांडं मोठ्या ट्रेमध्ये ठेवून भोवती गरम पाणी ओतायचं आणि मग भाजायचं. कारण साधं आहे. दूध-अंडं ८० अंशांच्या आसपास छान मऊ धरतं, पण आणखी थोडं तापलं की फुटतं, पाणी सोडतं. ओव्हन भले १७० ला तापलेला असो, पाणी काही १०० च्या पुढे जात नाही. म्हणजे ते भोवती वडीलधाऱ्यासारखं उभं राहतं आणि आगीची झळ आत पोचू देत नाही. फार सुंदर योजना आहे. फक्त एक बारकावा आहे: ट्रे आधी ओव्हनच्या जाळीवर ठेवायचा आणि मग त्यात पाणी ओतायचं. मी ट्रे ओट्यावरच काठोकाठ भरला. ओट्यापासून ओव्हनपर्यंत चार पावलं आहेत. पहिल्या पावलाला पाणी डावीकडे गेलं, दुसऱ्याला उजवीकडे, तिसऱ्याला पायमोज्यात. चौथं पाऊल मी कसं टाकलं ते आठवत नाही, पण तोंडातून जे निघालं ते बायकोला आठवतं.

ओव्हनचं दार लावलं, ४५ मिनिटं लावली आणि सॉसकडे वळलो. आतापर्यंत जे झालं ते नमन होतं.

कॅरमेल सॉसची कृती वाचायला चार ओळींची. २०० ग्रॅम साखर, थोडं पाणी, रंग आला की ८० ग्रॅम लोणी, मग १२० मिलिलिटर क्रीम, चिमूटभर मीठ. मी साखर-पाणी गॅसवर ठेवलं आणि मन लावून ढवळायला लागलो. दहा मिनिटांनी पाक गढूळ झाला, मग रवाळ, आणि मग बघता बघता भांड्यात पुन्हा साखर. जिथून निघालो तिथेच, फक्त गॅस जळाला.

ताईला फोन लावला.

"ताई, पाकाची साखर झाली."

"ढवळलास ना?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"सारखं."

पलीकडे एक लांब श्वास ऐकू आला. लहानपणी मी तिची सायकल घेऊन पडायचो, तेव्हाही ती असाच श्वास घ्यायची. "अरे, भांड्याच्या कडेला चिकटलेला एक खडा पाकात पडला की बाकीची साखर त्याच्याभोवती गोळा होते. विरघळल्यावर चमचा लावायचा नाही. भांडं नुसतं धरून फिरवायचं. कडा ओल्या ब्रशनं पुसत राहा. आता पाणी घाल आणि पुन्हा विरघळव. आणि लक्ष ठेव."

लक्ष ठेवलं. चमचा लांब, खोलीबाहेरच नेऊन ठेवला. पाक नितळ झाला, मोठे सावकाश बुडबुडे येऊ लागले, कडेनं पिवळसर छटा धरली. मग मधासारखा. मग तांबूस. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कुणाच्या तरी कामाला येईल. पाकाला पिवळा व्हायला जन्म लागतो, पण तांबूस ते काळा या प्रवासाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस फक्त चष्मा पुसू शकतो. मी पुसला.

चष्मा चढवला तेव्हा भांड्यातून निळसर धूर निघत होता आणि आत डांबर होतं. चव घेऊन पाहिली. का घेतली ते विचारू नका. माणूस अशा वेळी पुराव्याच्या शोधात असतो. कडू. कोळसा उगाळावा तितका काळाच, हे मी आयुष्यभर ऐकत आलो होतो, चाखला मात्र त्या दिवशी.

बायको धुराच्या वासानं आली. खिडकी उघडली, भांडं पाहिलं, मला पाहिलं आणि काहीही न बोलता भांड्यात पाणी घालून ते उकळायला ठेवलं. घासायला घेतलं असतं तर हात गेला असता. उकळत्या पाण्यात साखर आपण होऊन सुटते. मग म्हणाली, "अहो, कस्टर्ड पावडर आहे घरात. पाच मिनिटांत सॉस होईल."

कस्टर्ड पावडरीची गोष्ट मला ठाऊक होती आणि ती सांगायचा मोह आवरला नाही. इंग्लंडात, बर्मिंगहॅममध्ये, आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला कस्टर्ड आवडायचं, पण अंडी सोसायची नाहीत. म्हणून त्यानं १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. तिला यीस्टही चालायचं नाही, म्हणून १८४३ मध्ये त्यानं यीस्टवाचून पीठ फुगवणारी बेकिंग पावडर काढली. "बघ," मी म्हणालो, "बायकोला यीस्टचा ब्रेड चालेना, अंडंही चालेना, म्हणजे हे पुडिंग तर तिला वर्ज्यच. आणि तिच्यासाठी त्या माणसानं दोन शोध लावले."

"त्यानं भांडी किती जाळली?" बायकोनं विचारलं. इतिहास याबाबत मौन बाळगून आहे.

तिसऱ्यांदा साखर चढवली तेव्हा मी चष्मा कानामागे दोऱ्यानं बांधायच्या बेतात होतो. पापणी न लववता उभा राहिलो. रंग तांब्याच्या नव्या भांड्यासारखा झाल्याबरोबर गॅस बंद, लोणी आत, थोडी चुरचुर, आणि मग फ्रीजमधलं थंडगार क्रीम एकदम. पाककृतीत "क्रीम कोमट करून हळूहळू घालावे" असं होतं, पण ती ओळ पानाच्या पाठीमागे होती. क्रीममध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आणि १७० अंशांच्या साखरेवर पडलेलं पाणी भांड्यात थांबत नाही, वाफ होऊन छताकडे निघतं, जाताना सॉसलाही सोबत नेतं. भांडं लहान होतं. गॅसच्या बटणांवर, भिंतीवर आणि माझ्या शर्टाच्या खिशावर आजही त्या क्षणाचे ठिपके आहेत. पण फेस खाली बसला तेव्हा भांड्यात जे उरलं ते, खोटं का बोला, फार देखणं होतं. दाट, चकचकीत, चमच्यावरून रेशमी धाग्यासारखं उतरणारं. मी चिमूटभर मीठ घातलं आणि दोन मिनिटं नुसता बघत उभा राहिलो.

"बाबा, ओव्हन," मुलगी म्हणाली.

४५ ची ५८ मिनिटं झाली होती. दार उघडलं तर पुडिंग भांड्याच्या काठाच्या वर दोन बोटं फुगलेलं, सोनेरी, तुऱ्यासारखं ऐटीत. मी आरोळी ठोकली. बायको आली, मुलगी फोन घेऊन आली, सगळ्यांनी माना वाकवल्या, आणि त्याच घटकेला ते बसलं. आतली वाफ निवते तसं ते खाली येतंच, त्यात माझा दोष नाही. पण निदान फोटो होईस्तोवर? मधला भाग थोडा हलत असतानाच काढायला हवं होतं; बाहेर आल्यावरही ते आतल्या उष्णतेवर धरत राहतं. माझं मध्यभागी मऊ होतं आणि कडेला असं झालं होतं की सुरीला विचार करावा लागला.

वाढताना मी कडेचे तुकडे स्वतःकडे घेतले आणि सगळ्यांवर सढळ हातानं सॉस ओतला. सॉसखाली सगळं सारखंच दिसतं. मुलीनं दोनदा मागून घेतलं. बायकोनं पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग म्हणाली, "चांगलं झालंय. फक्त ब्रेड थोडा कमी असता तरी चाललं असतं." ज्या आठ टोकांसाठी हा यज्ञ मांडला, तीच जास्त झाली!

पुडिंग रात्रीपर्यंत संपलं. सॉस मात्र बरणीभर उरला. तीन वेळच्या मेहनतीचा सॉस फ्रीजमध्ये आठवडाभर सहज टिकतो, पण नुसता कशाबरोबर खाणार? टाकायचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून मी सोमवारी खास ब्रेडचा आणखी एक पुडा आणला, तो मुद्दाम उघडा करून ओट्यावर ठेवला आणि वर चिठ्ठी लावली: "हात लावू नये. शिळा होत आहे."

मंगळवारी सकाळी उठून पाहिलं. चिठ्ठी होती, बरणीतला सॉस तीन बोटं खाली गेला होता आणि पुड्यात चुरा होता. दोन्ही टोकंसुद्धा कुणीतरी खाल्ली होती.