सप्टेंबरातच हाइझमन वाटून टाका

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (हातात चेंडू घेऊन पळायचा, पायाने खेळायचा नाही) सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन ट्रॉफीची मतं डिसेंबरात पडतात, पण तोपर्यंत थांबायला तुम्ही काय रिकामटेकडे आहात का? डॅलसला असा नाहीतर कोलंबसला, दुसऱ्या मॅचनंतरच्या सोमवारी ऑफिसात कोणीतरी विचारणारच, यंदा हाइझमन कोणाची, आणि तिथे "अजून लवकर आहे, बघू" असं म्हणालात की संपलं, पुढच्या वेळी तुम्हाला कोणी विचारणार नाही. तेव्हा ठोकून द्यायचं. कसं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून टीमचा हल्ला चालवणारा, तो सोडून कोणाकडे बघायचंच नाही. 2000 ते 2025 या 26 वर्षांत 21 वेळा क्वार्टरबॅकच जिंकलाय. ट्रॉफी म्हणे देशातल्या सगळ्यात भारी कॉलेज खेळाडूला देतात, आता सगळ्यात भारी खेळाडू दरवर्षी नेमका त्याच जागी उभा असतो याला कोण काय करणार. त्याच्या पुढे उभे राहून मार खाणारे ते दीडशे किलोचे लाइनमन, त्यांच्यातल्या एकालाही 1935 पासून आजपर्यंत मिळालेली नाही. डिफेन्सवाल्यांत 1997 चा मिशिगनचा चार्ल्स वुडसन, आणि तोही पंट (समोरच्याने लाथेने उडवलेला चेंडू) परत आणायचा, मधूनमधून पास पकडायचा, म्हणून लोकांच्या नजरेत भरला. 2024 ला कोलोराडोच्या ट्रॅव्हिस हंटरने दोन्ही बाजूंनी जवळजवळ प्रत्येक प्ले खेळून मिळवली, म्हणजे क्वार्टरबॅक नसाल तर दोन माणसांचं काम करा, साधा हिशोब आहे. त्याच वर्षी बॉइझी स्टेटचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, अ‍ॅश्टन जेंटी 2,601 यार्ड पळाला. दुसरा आला. चुकीच्या जागी पळाला बिचारा.

आता क्वार्टरबॅक तर प्रत्येक टीमकडे असतो, मग त्यातला कुठला? इथे आडनाव बघायचं. स्थळ बघताना मुलगा नंतर, आधी घराणं बघतात ना, अगदी तसंच. 2025 मध्ये सगळ्या देशाने हेच केलं. टेक्ससचा आर्च मॅनिंग, आजोबा आर्ची, काका पेटन आणि इलाय, तिघेही नावाजलेले क्वार्टरबॅक, पोरगा बेटिंगवाल्यांचा फेव्हरिट, टीम प्रीसीझनलाच नंबर एक, आणि पठ्ठ्याने तोपर्यंत कॉलेजात जेमतेम दोन मॅच स्टार्ट केलेल्या. कोणी आगाऊपणे म्हणेल की अहो या घराण्यात हाइझमन एकदाही आलेली नाही, आर्ची 1970 ला तिसरा, पेटन 1997 ला दुसरा, इलाय 2003 ला तिसरा. अशा माणसाशी वाद घालू नका, त्याला अनुभवी घराणं म्हणजे काय ते कळत नाही.

30 ऑगस्टला ओहायो स्टेटमध्ये जाऊन टेक्सस 14-7 हरली, दोन आठवड्यांनी युटेपसारख्या दुबळ्या टीमविरुद्ध आर्चने 25 पैकी 11 पास पूर्ण केले आणि घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. यावर तुम्ही म्हणायचं, "सेटल होतोय." हा शब्द ऑक्टोबरपर्यंत पुरतो. (खरं म्हणजे नोव्हेंबरपर्यंत पोरगं चांगलं खेळायला लागलं होतं, पण तेव्हा बघायला कोणाला वेळ होता, आपण सगळे फेव्हरिट बदलून मोकळे.)

बदलायचा कसा, तर एक मॅच बघून. एकच. 2012 च्या सप्टेंबरात वेस्ट व्हर्जिनियाच्या जीनो स्मिथने बेलरविरुद्ध 656 यार्ड फेकले, 8 टचडाऊन (इथले गोलच म्हणा), स्कोअर 70-63, डिफेन्स नावाचा प्रकार दोन्ही टीम घरी विसरून आल्या होत्या. त्या रात्री देशाने त्याला ट्रॉफी देऊनच टाकली. पुढे वेस्ट व्हर्जिनिया 5-0 (पाच जिंकल्या, शून्य हरल्या) वरून 7-6 वर आली आणि डिसेंबरात ट्रॉफीच्या अंतिम यादीतले जे तिघं न्यूयॉर्कला गेले त्यात जीनो नव्हताच, ट्रॉफी घेऊन गेला टेक्सस ए अँड एमचा जॉनी मॅन्झेल. पण मला सांगा, सप्टेंबरात बोलणाऱ्याचं काय नुकसान झालं? काहीही नाही. जीनोचं झालं.

दुबळ्या टीमविरुद्धचे आकडे तर आवर्जून पाठ करा. मोठ्या युनिव्हर्सिट्या सप्टेंबरात छोट्या कॉलेजांना लाखो डॉलर देऊन मार खायला बोलावतात, तीन क्वार्टरमध्ये पाच टचडाऊन होतात, चौथ्यात पोरगा टोपी घालून बाकावर. हे आकडे सांगताना समोर कोण होतं ते सांगायचं नाही. अधूनमधून पाहुणेच यजमानाला धुतात, 2007 ला अ‍ॅपलाचियन स्टेटने मिशिगनला मिशिगनमध्ये 34-32 हरवलं, पण असल्या अपवादांनी आपली मतं डळमळू द्यायची नाहीत.

तुम्ही चुकून एखाद्या युनिव्हर्सिटीच्या पब्लिसिटी खात्यात असाल तर पैसे खर्च करा. ओरेगनने 2001 ला जोई हॅरिंग्टनचं दहा मजली पोस्टर न्यूयॉर्कमध्ये लावलं, अडीच लाख डॉलर गेले. पोरगा चौथा आला. आणि टीम हरतेय म्हणून खचू नका, 1956 ला नोटर डेमचा पॉल हॉर्नंग 3 टचडाऊन पास आणि 13 इंटरसेप्शन (पास थेट समोरच्या टीमच्या हातात) घेऊन जिंकलाय, टीम 2-8. नोटर डेमला तेव्हा पोस्टरची गरज नव्हती, नावच पुरायचं.

तुमचा फेव्हरिट मधेच बाकावर बसवला गेला तर? होतं असं. 2021 ला ओक्लाहोमाचा स्पेन्सर रॅटलर सगळ्यांच्या यादीत वर होता, सप्टेंबर संपायच्या आत घरच्या स्टेडियममध्ये "आम्हाला कॅलेब पाहिजे" म्हणून आरोळ्या, आणि ऑक्टोबरात खरंच कॅलेब विल्यम्स आत. हाच कॅलेब पुढच्या वर्षी यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीला) जाऊन हाइझमन जिंकला. अशा वेळी "मी ओक्लाहोमा म्हणालो होतो, माणसाचं नाव कुठे घेतलं होतं" एवढं म्हणून कॉफी भरायला निघून जा.

आणि 2025 चं विचारलंच कोणी, तर शेवटी जिंकलेला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा तुम्हाला ऑगस्टपासून माहीत होता. हायस्कूलला असताना मोठ्यांपैकी फारसं कोणी विचारलं नव्हतं, येलला जायचं ठरलेलं, मग कॅल (कॅलिफोर्निया, बर्कली), तिथून इंडियाना, जिच्या नावावर वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त मॅच हरल्याचा रेकॉर्ड होता. सप्टेंबरात त्यांनी इलिनॉयला 63-10 उडवलं तेव्हा तुम्ही दुसरं चॅनेल बघत होता हे कोणाला कळणार आहे. डिसेंबरात ओहायो स्टेटला 13-10 हरवलं, मग ट्रॉफी, मग जानेवारीत नॅशनल चॅम्पियनशिप. "मी तर म्हणतच होतो" हे वाक्य अशाच दिवसांसाठी राखून ठेवलेलं असतं, वापरा.

2026 साठी फार डोकं लावू नका. आर्च टेक्ससलाच थांबलाय, काका तेच, आजोबा तेच. टाका नाव.