कॉर्टिसॉलवर खापर फोडण्याआधी

परवा वहिनींनी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला, सोबत तीन रडके इमोजी. 'स्ट्रेस प्रोफाईल' नावाचं पॅकेज, त्यात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हॉर्मोन, 5.8, आणि लॅबवाल्याने सांगितलं की ते बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथी थकल्यात. मी आधी सॅम्पलची वेळ बघितली, संध्याकाळचे पाच! अहो वहिनी, कॉर्टिसॉल सकाळी उठायच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत जातं, संध्याकाळी 5.8 म्हणजे अगदी नॉर्मल. रेंज खालीच छापलेली होती, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी, पण ती वाचतो कोण.

मला राग याचा येतो की रील्सवाल्यांनी थकव्याचं सगळं खापर त्या बिचाऱ्या ॲड्रिनलवर फोडलंय. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी कॉर्टिसॉल स्वतःच्या मर्जीने सोडत नाहीत. गावाकडे पाटाचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं ते पाटकरी ठरवतो ना, तसं आहे हे, आणि इथला पाटकरी बसलाय मेंदूत. हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचं 41 अमिनो ॲसिडचं पेप्टाईड सुटतं, बारीक रक्तवाहिन्यांमधून खाली वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत पोचतं, ती एसीटीएच नावाचं हॉर्मोन सोडते आणि मग कुठे ॲड्रिनल कामाला लागते. मदतीला व्हॅसोप्रेसिन असतं, तेच जे शरीरातलं पाणी राखतं, ते सोबत असलं की सीआरएचचा जोर वाढतो.

आणि हे सीआरएच सापडायला किती घाम गाळला लोकांनी! मेंदूतून असं काहीतरी निघतं हे 1955 मध्येच शास्त्रज्ञांच्या दोन टीमनी वेगवेगळं दाखवलं होतं, एकीकडे गीयमँ, दुसरीकडे सॅफ्रन आणि शॅली. पण शुद्ध स्वरूपात ते काही हाती लागेना. गीयमँ आणि शॅलींनी शेवटी दुसरी पेप्टाईड शोधली, एकमेकांशी वर्षानुवर्षं स्पर्धा करत, आणि 1977 चं नोबेल घेतलं. सीआरएच मात्र 1981 पर्यंत थांबलं, गीयमँच्याच लॅबमध्ये तयार झालेल्या वायली व्हेलच्या टीमने ते वेगळं काढलं, तेही मेंढ्यांच्या जवळपास 4 लाख 90 हजार हायपोथॅलॅमसमधून. इथे आमचे इन्फ्लुएन्सर नारळपाणी आणि मीठ घालून कॉर्टिसॉल 'रिसेट' करतायत.

'ॲड्रिनल फटीग', म्हणजे ॲड्रिनल थकल्यात, हे निदान एंडोक्राइनवाले, म्हणजे हॉर्मोनचे, डॉक्टर मानतच नाहीत. ॲड्रिनल खरंच निकामी होतात, तो वेगळा आणि गंभीर आजार आहे, वहिनींनी मागवल्यात तसल्या चघळायच्या गोळ्यांनी, गमीजने, बरा होणारा नाही. थकवा खोटा आहे असं मी म्हणत नाहीये हां, हिमोग्लोबिन बघा, थायरॉईड बघा, झोप किती होते ते बघा.

पण जिथे खरंच घाबरायला पाहिजे तिथे कुणी घाबरत नाही, माझी मावशीच बघा. गुडघ्यांसाठी ती कुठल्यातरी वैद्याच्या बिननावाच्या पुड्या दोन वर्षं घेत होती, "जडीबुटी आहे रे, दोन दिवसांत दुखणं गायब." इतक्या झटपट गुण येतो म्हटल्यावरच माझ्या मनात पाल चुकचुकलेली. चेहरा गोल झाला, शुगर वाढली, तरी चालूच. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की ते मेंदूलाच जाऊन सांगतं, बास आता, आणि पाटकरी दार बंद करतो. पुड्यांमधून बाहेरून स्टिरॉईड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध, येत राहिलं तरी मेंदूला तेच वाटतं, मग सीआरएच थंड, एसीटीएच थंड आणि कामच नाही म्हणून ॲड्रिनल सुकत जातात. पुड्या संपल्या, वैद्य गावाला गेलेला, चौथ्या दिवशी मावशी उलट्या करून बाथरूममध्ये पडली, बीपी लागेना. सकाळच्या कॉर्टिसॉलचा आकडा बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पुड्या कसल्या खाताय?

म्हणून कुणाचं स्टिरॉईड बरेच दिवस चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, आणि असल्या पुड्या चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका, ओरडतील तर ओरडू देत.

मावशीची स्टिरॉईडची गोळी डॉक्टर आता हळूहळू कमी करतायत, सहावा महिना चालू आहे, वरचा पाटकरी अजून पूर्ण जागा झालेला नाही. गुडघे दुखतातच. आणि वहिनींनी काल विचारलं, गमीजचा डबा फोडलेला नाहीये, रिटर्न होईल का?