पाडव्याला पेरा म्हणे!

फाल्गुन सरत आला की हा निरोप फिरायला लागतो: 'वसंत आला, परसबाग लावा. पाडव्याला टोमॅटो-पालक पेरा, पावसाआधी टोपली भरून काढा. जांभ्याच्या लाल मातीत काही येत नाही, विकतची माती आणा. दोन वेळा भरपूर पाणी द्या. राख टाकली की कीड नाही.' यंदा आमच्या कोकणातल्या वाडीच्या ग्रुपवर तो तीनदा आला, म्हणून लिहितोय.

आधी वसंताचं. जिथे थंडीत जमीन गोठते तिथे वसंतात पेरणं बरोबर. आपल्याकडे गोठतं काय? मार्चात कातळ तापायला लागतो. रात्रीही उकडायला लागलं की टोमॅटोचं फूल फळ धरत नाही, पालक पान सोडून तुऱ्यावर जातो. मी हे करून बसलोय. झाडं कमरेएवढी, हिरवीगार. आणि रोज सकाळी बुंध्याशी पिवळ्या फुलांचा सडा, देठ मधल्या गाठीतून तुटलेला. शेजारच्या काकी कुंपणावरून म्हणाल्या, "आता वेण्या कर त्यांच्या."

ही भाजी भातकापणीनंतरची, थंडीतली. मांडवाच्या वेलांचं गणित मात्र गणपतीवरून मागे मोजायचं. दोडका, पडवळ, काकडी साधारण दोन महिन्यांत हाताला लागतात. रोहिणी-मृगात बी पडलं तर श्रावणात घरची काकडी, आणि ऋषिपंचमीच्या भाजीलाही बाजार गाठावा लागत नाही. (तिला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, परसाइतकं सोयीचं दुसरं काय?)

जांभ्याची माती आम्लधर्मी, स्फुरद (फॉस्फरस) तिच्यातल्या लोहात अडकतं, हे खरं. पण त्यावर पाचोळा आणि शेणखत हा उपाय घरचाच आहे. माझ्या परसात पहार वीतभर गेली की ठण्ण वाजते. तिथे खड्डा खणत बसायचं नाही, वाफा वर उचलायचा: चिऱ्यांची कड, आत पाचोळा, शेण, वर माती. आषाढात पाणीही तुंबत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तारा' कारलं, 'कोकण हरिता' दोडका हे वाण दिलेत, ते काय विकतच्या मातीसाठी?

पाण्याचं सांगणारा खाडीकाठी राहत नसावा. एप्रिल-मेत इथल्या विहिरी मचूळ होतात. ते पाणी दोनदा ओतलं की मीठ मातीत साठतं, पानांच्या कडा करपतात. एकदाच द्या, संध्याकाळी, बुंध्याशी.

राखेचं निम्मं पटतं. काकडीच्या कोवळ्या पानांवरचे लाल भुंगेरे तिने कमी होतात, पुढची सर येईपर्यंत. पण फळमाशी कारल्याच्या सालीखाली अंडी घालते, तिथे राख काय करणार? सापळा टांगा आणि किडलेली फळं खोल पुरा.

मग चैत्र-वैशाखात काय करायचं? पाचोळा जाळू नका, साठवा. मांडवाला बांबू तोडून ठेवा. विहीर गोडी असेल तर लाल माठाचा एक वाफा करा, महिन्याभरात कापणीला येतो. आमचा कालच काढला, सुकट घालून केला.