चेनसॉच्या बारला ऑइल येत नाही? पंप बदलण्याआधी क्लच उघडा (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

चेनसॉवरच्या माझ्या जुन्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "ऑइल येत नसेल तर पंप टाकायचा, तासात काम सुरू. मी माझ्या मशीनला दोनदा टाकलाय. तुम्ही लोकांना क्लच खोलायला लावून उगाच घाबरवताय. आणि बार ऑइल कशाला, गॅरेजचं जळकं ऑइल फुकट मिळतं." तुम्ही नंदगडच्या बाजूला काजू आणि अकेशियाची तोड घेता, मशीन रोज हातात असतं. म्हणून दोन ओळींत उरकत नाही.

गडी रोजावर आणलेत, टेम्पो उभा आहे, अशा वेळी मशीन खोलून बसायला सवड नसते, हे तुमचं म्हणणं मान्य. पण एकाच मशीनला दुसऱ्यांदा पंप लागला, तिथेच शंका यायला हवी होती.

बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी. तिला ऑइल देणारा पंप आपल्या ताकदीवर फिरत नाही. त्याला फिरवतो वर्म, म्हणजे क्लचच्या मागे क्रँकवर बसलेला आटेदार गिअर. बऱ्याच मशीनमध्ये हा वर्म ड्रमच्या, म्हणजे क्लचवरच्या आणि चेन फिरवणाऱ्या वाटीच्या, खाचेत अडकलेला असतो. ड्रम फिरला तरच ऑइल चढतं. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या 52-58 सीसीच्या स्वस्त मशीनमध्ये तो बहुधा प्लास्टिकचा असतो. आता चेन बोथट आहे आणि गडी मशीन दाबून कापतोय, किंवा ब्रेक लागलेला असताना रेस देतोय, किंवा चेन खोडात अडकली तरी रेस सोडत नाही. क्लच घसरतो, ड्रम तापतो, त्या तापाने वर्म वितळतो. ऑइल बंद झालं की बार-चेन कोरडी घासते, चेन जड फिरते, क्लच आणखी घसरतो. क्लच आणि ऑइल हे दोन वेगळे बिघाड नाहीतच, एकच आजार आहे. तुम्ही पंप बदलता तेव्हा मूळ कारण आत तसंच राहतं.

जांबोटीकडून एक सेकंडहँड मशीन माझ्याकडे आलं होतं. पंप नवाकोरा, आधीच्या मेकॅनिकने टाकलेला. ड्रम काढला तर निळा-जांभळा पडलेला, सुई बेअरिंग ग्रीसविना काळं, आणि वर्मचे आटे पार गुळगुळीत. बोटाने वर्म फिरवला तर पंपाचा दांता जागचा हलत नव्हता. नवा पंप बिचारा काय करणार?

दरवेळी क्लचच खोला असंही मी म्हणत नाही. आधी बार काढून त्याचं ऑइलचं भोक आणि खाच तारेने साफ करा. ओल्या लाकडाचा भुसा तिथे घट्ट बसतो, आणि पुष्कळदा काम तिथेच होतं. मग ऑइलच्या टाकीचं झाकण जरा सैल करून बघा. ऑइल सुरू झालं तर टाकीचं हवेचं भोक बुजलंय. टाकीतली नळी चिरली आहे का, जाळी चोंदली आहे का, तेही पाहा. एवढं करूनही बारचं टोक कागदासमोर धरून रेस दिल्यावर कागदावर ऑइलची रेघ उमटली नाही, तर क्लच उघडायचाच.

बहुतेक चेनसॉच्या क्लचला उलटे आटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालू नका, पिस्टनला भोक पडेल. एक्झॉस्टचं तोंड पिस्टनने झाकल्यावर स्वच्छ नायलॉनची दोरी आत सोडा, टोक बाहेर ठेवा. क्लचचे शू (रेस दिल्यावर ड्रमला आतून टेकणारे तुकडे) झिजले असतील तर सेट बदला, आणि शू आत ओढणाऱ्या स्प्रिंग बदलायच्या तर सगळ्या एकदम. ड्रमला खोल चर पडले असतील तर नवा घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर घासून मिळेल, पण ड्रम पातळ होतो आणि शू पुरते टेकत नाहीत.

स्प्रिंगांवर मी अडून बसतो त्याला कारण आहे. रेस सोडल्यावर चेन थांबलीच पाहिजे. स्लो (रेस न देता इंजिन चालायचा वेग) कमी करूनही ती फिरत राहत असेल तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा बेअरिंग धरतंय. असं मशीन हातात घेऊन गडी घसरड्या उतारावर एका फांदीवरून दुसरीकडे जातो, आणि चेन त्याच्या मांडीजवळ फिरत असते. याला कुणी घाबरवणं म्हटलं तरी मी लिहीत राहणार.

जळक्या ऑइलबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ते बारला चिकटून राहत नाही, लगेच उडतं. त्यातला लोखंडाचा कीस पंप आणि बार दोन्ही खातो. त्यात कॅन्सरकारक घटक असतात, आणि दिवसभर ते गड्याच्या अंगावर आणि श्वासात जातं. उरलेलं मातीत. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथपासून आपले ओढे-विहिरी याच उतारांवर आहेत. बार ऑइल मिळालं नाही तर नवं 30 नंबरचं इंजिन ऑइल वापरा. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑइलची टाकीही जवळजवळ संपली पाहिजे. ती भरलेलीच राहिली तर बार कोरडा चाललाय.

तेव्हा तिसरा पंप आणण्याआधी एकदा ड्रम काढा. आतला रंग बघा, वर्मच्या आट्यांवर नख फिरवा आणि दोन्हींचे फोटो इथेच टाका. वर्म धडधाकट निघाला तर पंप खुशाल बदला.