दुधाचा हिशेब आणि मुलीची पाळी

आपल्या मुलीला पाळीत फार रक्त जात असेल आणि पोट धरून ती कॉटवर कळवळत असेल, तर प्रथम तिला ‘आम्हालाही दुखायचं, आम्ही कधी बाऊ केला नाही’ हे ऐकवावे. तेवढ्याने न भागल्यास ओव्याची फक्की द्यावी आणि ‘लग्न झालं की थांबेल’ असे सांगून तेरा वर्षांच्या पोरीला लग्नाची वाट पाहायला लावावे. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यामुळे गर्भाशय आकसते, म्हणून कळा येतात आणि ते द्रव्य रोखणाऱ्या साध्या गोळ्या मिळतात, असे डॉक्टर म्हणतील. पण गोळ्यांची सवय लागते, हे शेजारच्या काकूंनी आधीच सांगून ठेवलेले असते.

मोजदाद तर मुळीच करू नये. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूध किती आले, सिलिंडर कधी लावला, हे पेन्सिलीने अवश्य टिपावे. त्याच चौकटीत पाळीची तारीख आणि दिवसाला लागलेले पॅड लिहिणे मात्र अशोभनीय होय, कारण कॅलेंडर पाहुण्यांना दिसते. शिवाय लिहिले की दिसू लागते: सात दिवसांहून अधिक स्राव, तासा-दोन तासांनी भिजणारा पॅड, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी. पहिली दोन-तीन वर्षे बीज नियमित सुटत नाही, म्हणून पाळी मागेपुढे होते, हे खरे आहे. त्या एका खऱ्या वाक्याआड बाकी सारे झाकावे आणि गडद रंगाची चादर आणावी. मुलगी जिना चढताना धापा टाकू लागली, तर मोबाईलला दोष द्यावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, तेव्हा आपलीच काय ती वेगळी दिसायची!

आजीला, आत्यालाही असेच जायचे आणि मुलीच्या हिरड्यांतूनही रक्त येते, असे लक्षात आले, तर ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून विषय मिटवावा. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांना हे जमले नाही. त्यांनी आलांड बेटांवरच्या एका कुटुंबाची वंशावळ काढली आणि १९२६ साली एका आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजाराची नोंद केली. पाच वर्षांची असताना त्यांनी तपासलेली त्या घरातली मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत, रक्त जाऊन दगावली. आज त्या आजाराची रक्ततपासणी होते, स्राव कमी करणारी औषधेही आहेत. परंतु त्यासाठी कुमारिकेला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावे लागते आणि तिथून बाहेर पडताना कोणी पाहिले तर काय, हा प्रश्न हिमोग्लोबिनहून गंभीर आहे. न्यायचेच झाले, तर परगावी न्यावे. आणि डॉक्टरांनी ‘मागची पाळी कधी आली होती?’ असे विचारताच आपण मुलीकडे पाहावे आणि मुलीने फरशीकडे.