‘आळशी प्रदेश’ नावाची थाप

हा मजकूर घरच्या ग्रुपवर तीनदा आला. तीनदाही मी गप्प बसलो. परवा भाचीची निबंधाची वही चाळत होतो, तर तोच मजकूर तिच्या सुवाच्य अक्षरात, वर ‘तज्ज्ञांच्या मते’ असा टिळा लावून. कोण तज्ज्ञ? नाव नाही, साल नाही. खाली फक्त हात जोडलेले दोन इमोजी होते, तेवढे तिने गाळलेत.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: इंटरनेट आता जगात सगळीकडे पोचलंय, तरीही जे प्रदेश मागे आहेत ते तिथल्या लोकांच्या आळसामुळे. इस्टोनियाने सरकार ऑनलाइन आणलं आणि तो श्रीमंत झाला. केनियाने नुसत्या मोबाइलवर बँका मोडीत काढल्या. आणि डिजिटल क्रमवारीत जो वर, तोच बाजारात टिकणार.

आधी आळसाचं बघू. बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा विखारी आहे.

मोबाइल कंपन्यांची जीएसएमए नावाची जागतिक संघटना आहे. तिचे 2022 चे आकडे असे: जगातले 57 टक्के लोक मोबाइलवर इंटरनेट वापरत होते. 5 टक्के लोक राहत होते तिथे नेटवर्कच नव्हतं. उरलेले 38 टक्के नेटवर्कच्या टप्प्यात होते, पण वापरत नव्हते. हे 38 टक्के फॉरवर्डवाल्याच्या हाती लागले तर तो उड्याच मारेल. पण कारणंही त्याच संघटनेने दिलीत आणि त्यात सगळ्यात वर दोन आहेत: हँडसेट परवडत नाही, आणि लिहिता-वाचता किंवा फोन हाताळता येत नाही. ही काही गरिबांची कैवारी संस्था नव्हे. गिऱ्हाइकं वाढली तर तिच्या सभासदांचाच फायदा. तीसुद्धा आळस म्हणत नाही.

हे प्रत्यक्षात कसं असतं? घरात फोन एकच. सकाळी तो कमावत्या माणसाच्या खिशातून बाहेर पडतो, रात्री परततो. दुपारी घरातल्या बाईने दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर अर्ज भरायला घेतला, तर ओटीपी जातो त्या खिशात. त्याने बघून सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. पुन्हा मागवा, पुन्हा तेच, आणि मग पान आपोआप बंद होऊन अर्ज पहिल्या रकान्यापासून. दोन दुपारी अशा गेल्यावर ती पैसे मोजून दुसऱ्याकडून अर्ज भरून घेते. सर्वेक्षणात मात्र तिची नोंद ‘वापरत नाही’. हिला आळशी म्हणायचं?

आता क्रमवारी. युरोपीय आयोगाच्या 2022 च्या डिजिटल निर्देशांकात 27 देश होते आणि रोमानिया सत्ताविसावा. म्हणजे तिथे तारा पोचल्या नाहीत? उलट! अतिवेगवान नेटवर्क तिथल्या 87 टक्के घरांच्या दारात होतं. युरोपीय संघाची सरासरी 70. अडलं ते पुढे. किमान डिजिटल कौशल्यं तिथे 28 टक्के लोकांकडे, संघाची सरासरी 54. दारापर्यंत आलेली तार माणसाला शिकवत नाही, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

आणि याच शेवटच्या नंबराच्या रोमानियाचं दरडोई उत्पन्न, क्रयशक्तीच्या हिशेबाने, 2000 साली संघाच्या सरासरीच्या जेमतेम पाव होतं, ते 2022 पर्यंत पाऊणच्या आसपास आलं. 1999 मध्ये रेनॉने तिथली डाचिया ही मोटार कंपनी घेतली, 2007 मध्ये देश युरोपीय संघात गेला, मोठी बाजारपेठ उघडली. कारखाने आले, निर्यात वाढली. क्रमवारी आपल्या जागी, बाजार आपल्या जागी. जर्मनी तरी कुठे वर होती? तेरावी. युरोपातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था!

इस्टोनियावर फार वेळ घालवत नाही. तिथे 1996 साली शाळांत संगणक न्यायची मोहीम ठरली, सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकींशी जोडणारी यंत्रणा 2001 मध्ये आली, डिजिटल ओळखपत्र 2002 मध्ये. म्हणजे आधी शाळा. आणि एवढं सगळं जागेवर असतानाही 2023 मध्ये तिथली अर्थव्यवस्था सुमारे 3 टक्क्यांनी आकसली.

केनियाच्या मुद्द्यात तथ्य आहे, नाइलाजाने का होईना मान्य करतो. 2007 मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेमुळे सुमारे 1,94,000 कुटुंबं, म्हणजे तिथली 2 टक्के, अतिगरिबीतून बाहेर आली, असा तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांचा 2016 चा अभ्यास आहे. पण ‘नुसत्या मोबाइलवर’? रोकड घेणाऱ्या-देणाऱ्या एजंटांचं जाळं होतं, मध्यवर्ती बँकेने मोबाइल कंपनीला मोकळीक दिली होती, आणि शहरातून गावी पैसे धाडायची गरज आधीपासून होतीच. बँका मोडीत काढल्या म्हणे! एम-पेसातला पैसा ठेवलेला असतो बँकांतच. हीच सेवा 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेत नेली. तिथे बऱ्याच जणांची बँक खाती आधीच होती. 2016 मध्ये गाशा गुंडाळावा लागला. मग काय, दक्षिण आफ्रिकेतले लोक केनियातल्यांपेक्षा आळशी?

भाचीला हे सगळं सांगितलं. तिने मुकाट्याने ‘तज्ज्ञांच्या मते’ खोडलं, आळसाचा अख्खा परिच्छेद खोडला, आणि विचारलं, “मामा, रोमानियात 87 टक्के घरांपाशी तार होती, तर शिकवायचं कोणी होतं?” तो प्रश्न तिने आता निबंधाच्या पहिल्या ओळीत घेतलाय. ग्रुपवर मजकूर चौथ्यांदा आलाय, त्याच्याखाली हे चिकटवतोय.