प्रतिक्रियेला उत्तर: दगडी भांडं, तेल आणि तडा

नमस्कार. तुमचा रोख थोडक्यात असा: दगड कोट्यवधी वर्षं जमिनीच्या पोटात तापला, दबला, त्याला गॅसच्या ज्योतीचं काय भय? म्हणजे नवं दगडी भांडं वापरण्याआधी मी सांगितलेलं भिजवणं, वाळवणं, तेल लावणं हे सगळं कर्मकांड. आणि तुमचं भांडं तडकलं ते दगड खोटा निघाला म्हणून.

जमिनीत दगड तापतो तो फार सावकाश, आणि चहूबाजूंनी दाबात असताना. शेगडीवर मात्र तळाला ज्योत लागते तेव्हा काठ गारच असतो. शंखजिऱ्याच्या, म्हणजे ही भांडी घडवतात त्या मऊ दगडातून (सोपस्टोन) उष्णता बिडापेक्षा, म्हणजे ओतीव लोखंडापेक्षा, कितीतरी हळू सरकते. तळ फुगू पाहतो, काठ त्याला फुगू देत नाही. दगड दाब भरपूर सोसतो, ताण फार कमी. मग चीर जाते. मोठ्या आचेवर रिकामं तापवून त्यात थंड पाणी ओतल्याचं तुम्हीच लिहिलंय. दगड खोटा ठरवण्याआधी एवढं तरी बघा की! हां, मुळातच चीर असलेला दगडही असतो. म्हणून घेतानाच टिचकी मारावी: खणखणीत वाजला तर बरा, बद्द वाजला तर राहू द्यावा.

भिजवल्यानं दगड पक्का होत नाही, नुसती भुकटी निघून जाते. खरं महत्त्व नंतरच्या वाळवण्याला. रंध्रांत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते, आणि ती घाईत बाहेर पडू पाहते.

तेलाबद्दल तुमचं निम्मं पटतं. तेलानं तडा टळत नाही, तसा दावा मी केलेलाही नाही. अगदी पातळ हात फिरवून मंद आचेवर तापवलं की तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे घट्ट होतं, वरची रंध्रं बुजतात, पदार्थ कमी चिकटतो. जाड थापलं तर ते चिकचिकीत राहतं आणि खवट वास मारतं. संगमरवराला मात्र हा उपाय पुरत नाही. त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं, म्हणून लिंबाचा रस सांडला की चकाकी जातेच.

साबण थोडा चालतो. तारेची घासणी नको, शंखजिरं नखानंही ओरखडतं.

आता तुमचं भांडं. ते पूर्ण कोरडं करून कोऱ्या कागदावर ठेवा, पाणी भरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी बाहेरून ओल दिसली तर चीर आरपार आहे. ते पुन्हा आचेवर ठेवू नका आणि डिंक-गोंदानं सांधायच्या फंदातही पडू नका. कागद कोरडा राहिला तरी ते कोरड्या वस्तू ठेवायलाच वापरा, कारण तापवलं की वरवरची चीरही पुढे सरकते.